गोव्याची पाटी, कणकवलीचा मालक : परराज्यातल्या गाडीची नोंदणी

(कणकवलीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा कोरडा वाटेल, पण आपल्या जिल्ह्यात तो घराघरातला आहे. आपल्या महामार्गाच्या कडेला जरा वेळ उभे राहा आणि नंबरप्लेट वाचा. एमएच-०७ तर आपलीच. मधूनच एमएच-०९, म्हणजे घाटावरून उतरलेली कोल्हापूरची. केए-२२ बेळगावची. आणि जीए, गोव्याची. यातल्या काही गाड्या पाहुण्यांच्या असतात, येतात आणि जातात. पण काही गाड्या अशा, की पाटी गोव्याची आणि झोपायला मात्र रोज आपल्याच वाडीतल्या मांडवात. मालकाला विचारलं तर तो म्हणणार, "गाडी जीएची आसा, मगे काय झाला? चलता मां!"

चालते, हे खरं आहे. पण प्रश्न "चालते का?" हा नाहीच. प्रश्न दोन आहेत. एक, गाडी राहते कुठे? आणि दोन, आरसीवर नाव कोणाचं? आजचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांवर आहे, आणि त्यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त गंभीर आहे.

आधी मुळाशी जाऊ. राज्य बदललं की नंबर का बदलायचा? देश तर एकच आहे ना? त्याचं उत्तर संविधानाच्या सातव्या परिशिष्टात आहे. मोटार वाहनांचा कायदा हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणून संसदेने केलेला मोटार वाहन कायदा, १९८८ हा देशभर लागू आहे. वाहनांवरचा कर मात्र राज्य सूचीत आहे. म्हणजे नोंदणीचे नियम देशाचे, आणि कर राज्याचा. गोव्यात गाडी घेताना भरलेला रस्ता कर गोव्याच्या तिजोरीत गेला. आता ती गाडी कायमची महाराष्ट्राच्या रस्त्यावर राहणार असेल, तर महाराष्ट्र म्हणतो, आमचा कर द्या. नंबर बदलण्यामागचं खरं कारण हे आहे.

आणि हा कर किरकोळ नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारवर किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के एकरकमी कर लागतो. डिझेलवर त्याहून दोन टक्के जास्त. जुनी गाडी बाहेरून आणली तर तिच्या वयाप्रमाणे हा आकडा कमी होतो, पण शून्य होत नाही. नोंदणीची सरकारी फी शेकड्यांत असते. कर हजारांत, कधी लाखांत जातो. म्हणून लोक टाळतात.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कलम ४६ सांगतं, की भारतातल्या कुठल्याही राज्यात नोंदलेली गाडी देशभर वैध आहे. म्हणजे चतुर्थीला गोव्याचा मामा जीएची गाडी घेऊन कणकवलीत आला, पंधरा दिवस राहिला, तर त्याला कोणी नंबर बदलायला सांगू शकत नाही. त्यापुढे कलम ४७. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर मालकाने नवीन नोंदणी क्रमांकासाठी अर्ज करायचा.

यातला शब्द नीट ऐका. "चालवली" नव्हे, "ठेवली". दर महिन्याला म्हापशाला एक फेरी मारली की बारा महिन्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, अशी एक समजूत आहे. त्या भरवशावर राहू नका. तुमचं घर इथे, मुलांची शाळा इथे, गाडीचं सर्व्हिसिंग इथे, तर गाडी कुठे ठेवली आहे हे सांगायला वकील लागत नाही. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची कितीतरी मुलं रोज गोव्यात कामाला जातात. गाडी दिवसभर गोव्यात, रात्री घरी. नोंदणी कुठे करायची, याचा कायद्यातला निकष असा, की मालकाचं राहण्याचं किंवा व्यवसायाचं ठिकाण, जिथे गाडी साधारणपणे ठेवली जाते. गाडी रोज घरी येत असेल तर उत्तर अवघड नाही.

या बारा महिन्यांना वजन किती आहे, याचं शेजारचंच उदाहरण देतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात बदल केला आणि परराज्यातली खासगी गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राहिली तर आजीवन कर मागायला सुरुवात केली. बंगळुरूच्या रस्त्यांवर परराज्यातल्या गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ती तरतूद अवैध ठरवली. केंद्रीय कायदा बारा महिने देतो, मग राज्य तीस दिवसांत आजीवन कर कसा मागणार, हा त्यातला मुद्दा. तेव्हा बारा महिने हा तुमचा हक्क आहे, पण त्याला शेवट आहे.

आता इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. हे बारा महिने कोणासाठी? ज्याची स्वतःची गाडी आहे आणि जो ती घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आला, त्याच्यासाठी. बदली झाली, नोकरी बदलली, लग्न होऊन आली. पण तुम्ही कणकवलीचे, आणि गोव्यातल्या कोणाकडून सेकंडहँड गाडी विकत घेतली, तर तुम्हाला मालकी बदलाचा नियम आधी लागतो. ते कलम ५०. विकत घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आपल्या भागातल्या नोंदणी कार्यालयाला कळवायचं. विकणाऱ्याने, गाडी राज्याबाहेर जात असेल तर, पंचेचाळीस दिवसांत आपली कागदपत्रं पुरी करायची. म्हणजे "वर्षभर चालता" हे वाक्य विकत घेणाऱ्याच्या कामाचं नाही. त्याच्याकडे एक महिना आहे.

आणि तो महिना हुकला तर? लोक दंडाला घाबरतात. दंडाचं मी फार मनावर घेत नाही, तो भरून मोकळं होता येतं. खरी भीती अपघाताची आहे.

कायद्यात मालक कोण, याची व्याख्या आहे. कलम २, पोटकलम ३०. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे, तो मालक. पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे, पेट्रोल कोण भरतं, हे त्या व्याख्येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल याच प्रश्नावर आहे. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. २००९ मध्ये अपघात झाला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याने. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही.

आता हे आपल्याकडे लावून बघा. समजा, मडगावच्या एका माणसाने आपली जुनी गाडी कणकवलीच्या एकाला विकली. स्टॅम्पपेपर झाला, पैसे मिळाले, सह्या केलेले कोरे फॉर्म हातात दिले आणि तो विसरून गेला. दोन वर्षांनी ती गाडी फोंडाघाटात कोणाला धडकली. नोटीस मडगावला जाणार. विकणाऱ्याला कळतसुद्धा नाही, की आपण अजून त्या गाडीचे मालक आहोत. म्हणून गाडी विकणाऱ्याने तर जास्त घाई करायला हवी.

आणि घेणाऱ्याचं काय? त्याचा विमा. कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे जातो, म्हणजे दुसऱ्याला इजा झाली तर त्याचं संरक्षण आहे. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी हा वेगळा करार आहे, आणि तो आपोआप तुमच्या नावावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नाहीतर गाडी तुमची, पैसे तुमचे, आणि क्लेम कोणाचाच नाही.

बरं, आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो.

पैसे देण्याआधी गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर घालून बघा. मालकाचं नाव, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलनंही बघून घ्या. जुनी चलनं थकलेली असली तर पुढे तुमचीच फाइल अडणार.

मग एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. नमुना २८. हे जिथे गाडी नोंदलेली आहे तिथून घ्यायचं. म्हापशाची गाडी तर म्हापशाहून. अर्ज विकणाऱ्याच्या नावाने जातो, म्हणून तो तुमच्याबरोबर हवा; सगळे पैसे चुकते करून त्याला मोकळं करू नका, थोडी रक्कम एनओसी हातात पडेपर्यंत ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. चॅसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. गाडी चोरीची नाही आणि कर थकलेला नाही, हे ते कार्यालय तपासतं. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कलम ४८ प्रमाणे तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर एनओसी दिली असं मानलं जातं. नकार द्यायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. एनओसीवर कुठल्या कार्यालयासाठी ते लिहिलेलं असतं, तिथे सिंधुदुर्ग आहे ना, हे खिडकीवरच वाचून घ्या.

त्यानंतर ओरोसला, आपल्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात. नवीन नंबरसाठी नमुना २७, मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३०. सोबत मूळ आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. गाडी तपासणीला न्यावी लागते. कर ठरतो, तो भरला की एमएच-०७ नंबर मिळतो. मग नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची, विम्यात आणि फास्टॅगमध्ये नंबर बदलायचा. हे शेवटचं विसरू नका. प्लेट एक आणि फास्टॅगला जोडलेला नंबर दुसरा, म्हणजे टोलनाक्यावर वाद ठरलेला.

जी मंडळी स्वतःची गाडी घेऊन आली, त्यांनी पहिल्या राज्यात एकरकमी कर भरलेला असतो. नवीन आरसी मिळाली की तिथे उरलेल्या काळाच्या परताव्यासाठी अर्ज करा. त्या त्या राज्याच्या नियमाने तो मिळतो. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आता नवी कोरी गाडी. गोव्यात शोरूममध्ये गाडी लवकर मिळते, म्हणून तिथून घेतात. हरकत काहीच नाही. तात्पुरती नोंदणी करून आणायची आणि ओरोसला कायमची करायची. पण त्या तात्पुरत्या नंबरची मुदत पाठ करून ठेवा. राजस्थानातल्या श्रीगंगानगरच्या एका गृहस्थाने पंजाबात बोलेरो घेतली. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ ला संपली. कायमची केली नाही. त्याच महिन्याच्या शेवटी जोधपूरला गाडी चोरीला गेली. विमा होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला, कारण चोरीच्या दिवशी गाडीला वैध नोंदणीच नव्हती. काही दिवसांच्या आळसात अख्खी गाडी गेली.

आणि गोव्यातल्या नातेवाइकाचा पत्ता घालून नोंदणी करायची युक्ती? ती युक्ती नव्हे, खोटी माहिती आहे. कर वाचतो, पण क्लेमच्या दिवशी ती माहिती तुमच्याच विरुद्ध उभी राहते.

थोडे प्रश्न आले आहेत, ते घेतो.

पहिला प्रश्न, "मुंबईची एमएच-०३ गाडी निवृत्तीनंतर गावाला आणली. एमएच-०७ करावी लागेल का?" नाही. राज्य एकच आहे. नंबर तोच राहतो, कर पुन्हा नाही. फक्त राहण्याचा पत्ता बदलला हे तीस दिवसांत कळवायचं. चाकरमान्यांनी उगाच कोणाला पैसे देऊ नयेत.

दुसरा, "मुलगा बँकेत आहे, सतत बदल्या. दरवेळी हे सगळं करायचं?" त्याच्यासाठी बीएच मालिका आहे, सप्टेंबर २०२१ पासून. सैन्यदल, केंद्र आणि राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी, आणि ज्यांची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं आहेत अशा खासगी कंपन्यांतले कर्मचारी, यांना ती घेता येते. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. राज्य बदललं तरी नंबर तोच.

तिसरा, "विकणारा आता फोनच उचलत नाही. माझ्याकडे सह्या केलेले फॉर्म आहेत. काय करू?" सह्या आहेत म्हणजे वाट बंद नाही. त्याच्या नावाने एनओसीचा अर्ज करून बघा, आणि त्याला रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवा. त्यात एवढंच लिहा, की गाडी अजून तुमच्या नावावर आहे आणि अपघात झाला तर नोटीस तुम्हाला येईल. तेवढं वाचल्यावर बहुतेक माणसं फोन उचलतात.