विमान पावणेतीन तासांचं, मग कोलकात्याहून तासगावला यायला दिवस का जातो?

तासगाव : घरात काही कमी-जास्त झालं की कोलकात्याला फोन जातो. तिकडनं उत्तर येतं, "विमानानं निघतोय." इकडं कुणीतरी मोबाईलवर बघतो, कोलकाता ते पुणे पावणेतीन तास. मग दुपारपर्यंत येईल म्हणून पै-पाहुणे थांबून राहतात आणि माणूस उंबऱ्यावर पोचतो दिवस मावळल्यावर. तासगाव, खानापूर, आटपाडी भागातली सोनं-चांदी गलाईची माणसं देशभरातल्या सराफ पेठांत आहेत. त्यामुळं हा हिशेब इथल्या बऱ्याच घरांना कधी ना कधी करावा लागतो.

मोबाईल दाखवतो ते सरळ रेषेतलं अंतर, कोलकाता ते पुणे सुमारे १,५८० किलोमीटर. विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या पुढं पळतं. म्हणजे दोन तास पुरायला हवेत. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुण्यात उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीवरची रांग, चढणं, उतरणं हे सगळं त्यातच आलं.

त्यात वारंही असतं. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. कोलकात्याला जाताना तो पाठीवर असतो, गावाकडं येताना तोंडावर. म्हणून येताना जास्त वेळ लागतो. घाई नेमकी येतानाच असते, हा भाग वेगळा.

खरा वेळ जमिनीवर जातो. तिकडं शहरातून विमानतळ गाठायला एक तास. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचलेलं बरं. इकडं उतरल्यावर बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. पुढं लोहगाव ते तासगाव सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे गाडीनं पाच तास धरा. खंबाटकीला अडकलं तर त्याहून जास्त. दारापासून दारापर्यंत सव्वाअकरा तास झाले.

म्हणून फोनवर "किती तासांचं विमान?" असं न विचारता "किती वाजता सुटतंय?" असं विचारावं आणि त्यात सव्वाआठ तास मिळवावेत. सकाळी सहाचं मिळालं तर माणूस सव्वादोनला घरात. अकराचं मिळालं तर सव्वासात, म्हणजे अंधारच. त्यावरून थांबायचं की नाही, हे घरच्यांना वेळेत ठरवता येतं.

कोल्हापूरचं विमानतळही बघावं. तिथून तासगाव दीड-दोन तासांवर आहे. मात्र हैदराबाद किंवा बंगळूरला विमान बदलावं लागतं, आणि मधे चार-पाच तास बसावं लागलं तर पुण्यापेक्षाही जास्त वेळ जातो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्यावीत. वेगवेगळी काढली आणि पहिलं लेट झालं, तर पुढचं तिकीट वाया जातं.