डब्यात उतरलेली ‘सह्याद्री’

गेल्या पावसाळ्यात झरीच्या बाजारात एका कास्तकाराने मला अडवलं. “भाऊ, काल टीव्हीवर बोंडअळीचं सांगतलं म्हने. मी वावरातच होतो. तुमच्यापाशी भेटन काय पाहाले?”

भेटणार होतं. कारण माझ्या घरच्या कोपऱ्यातला एक जुना संगणक आदल्या संध्याकाळी आपणहून जागा झाला होता, दूरदर्शन सह्याद्रीवरचा ‘आमची माती आमची माणसं’चा भाग साठवून पुन्हा झोपी गेला होता. आमच्या झरी जामणी तालुक्यात, पैनगंगेच्या या काठावर, कपाशी हेच मुख्य पीक. शेतीचा कार्यक्रम लागतो तेव्हा माणूस शेतात असतो, नाहीतर लाइन गेलेली असते. म्हणून हा खटाटोप.

संगणक वणीच्या एका बंद पडलेल्या टायपिंगच्या दुकानातला आहे. पेंटियम ४, ५१२ एमबी मेमरी, ८० जीबीची हार्ड डिस्क. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला वाऱ्यावर सोडलं आणि असे डबे भंगारात निघाले. इतका जुना डबा टीव्ही कसा काय साठवेल, असं मला पुष्कळांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरातच सगळी गंमत आहे.

टीव्हीचं साधं चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपक्यांचं असतं, सेकंदाला २५ चित्रं. ते काही न आवळता, जसंच्या तसं लिहायचं तर सेकंदाला जवळपास २० एमबी लागतात. म्हणजे तासाभरात ७५ जीबी. माझी अख्खी डिस्क एका कार्यक्रमात संपली असती. ॲनालॉगच्या काळात हे चित्र आवळून लहान करायचं काम घरच्या संगणकालाच करावं लागे आणि तिथे जुनी यंत्रं धापा टाकत. आता ते काम प्रक्षेपण करणारेच करतात. डीडी फ्री डिशवरून येतं ते आधीच घडी घालून आलेलं कापड. आपण फक्त कपाटात ठेवायचं. प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला सव्वा-दीड जीबी पुरतात. पन्नासेक तास माझ्या डिस्कवर आरामात मावतात.

घडी कशी असते तेही सांगतो. उपग्रहाच्या एकाच लहरीवर अनेक वाहिन्या एकत्र येतात. मुकुटबनच्या स्टेशनवरून जाणारी लांबलचक मालगाडी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक डबा नेमका १८८ बाइटचा, आणि त्यावर क्रमांक. अमुक क्रमांकाच्या डब्यांत सह्याद्रीचं चित्र, तमुकमध्ये आवाज, आणखी एकात कार्यक्रमांचं वेळापत्रक. संगणक आपल्या क्रमांकाचे डबे तेवढे उतरवून घेतो. आत काय आहे ते उघडूनही बघत नाही. म्हणून एका लहरीवरच्या दोन-तीन वाहिन्या एकदम साठवल्या तरी त्याला घाम फुटत नाही.

बाहेरून आणलं ते एकच: डीव्हीबी-एस२ जातीचं कार्ड. छत्रीची केबल सेट-टॉप बॉक्सऐवजी त्यात जाते. छत्री जीसॅट-१५ कडे, म्हणजे आमच्याकडून आग्नेयेला. संगणकावर लिनक्स, आणि त्यावर ‘व्हीडीआर’ हा क्लाउस श्मिडिंगर या जर्मन गृहस्थांनी २००० साली सुरू केलेला मोफत प्रोग्रॅम.

खरी डोकेदुखी चित्राची नव्हती, घड्याळाची होती. पहिले आठ दिवस साडेसहाचा कार्यक्रम लावला की डबा दुपारी एकलाच उठून भलतंच काही साठवून ठेवायचा. फरक नेहमी साडेपाच तासांचा. मग ट्यूब पेटली. मी यंत्रातलं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं होतं, लिनक्स मात्र ते ग्रीनिचचं समजून त्यात आपले साडेपाच तास मिळवत होतं. ते निस्तरलं, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेला. लाइन गेली की तारीख थेट जुन्या सालात. सेल बदलला. शिवाय उपग्रहाच्या प्रवाहातच वेळ येते, त्यावरून घड्याळ जुळवून घ्यायला व्हीडीआरला सांगितलं.

डबा चोवीस तास चालू ठेवू नये. ८० वॉट धरले तरी महिन्याला ५७-५८ युनिट होतात. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं गजराने उठवावा आणि नंतर बंद करावा. यूएसबीवर रेकॉर्डिंग करणारे सेट-टॉप बॉक्स स्वस्तात मिळतात, हे खरंच. पण त्यातल्या काहींची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही. साठवलेलं माझ्या हातात नसेल तर मला ते साठवल्यासारखं वाटत नाही.

हे कायद्यात बसतं का, असं एका शिक्षकमित्राने विचारलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिकपणे शिकवण्या-संशोधनासाठी असं मुद्रण करू देतं. त्याच्या प्रती विकता मात्र येत नाहीत. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी २०१२ साली मरेपर्यंत तीन दशकांहून जास्त काळ घरी टीव्हीच्या बातम्या टेप केल्या. ७० हजारांच्या आसपास कॅसेटी निघाल्या. पूर्वी टेप महाग, म्हणून बीबीसीसारख्या संस्थेनेही आपलेच जुने कार्यक्रम पुसून टाकले होते. त्यांतले काही पुढे सापडले ते प्रेक्षकांपाशी.

त्या कास्तकाराला घरी बसवून भाग दाखवला. आदल्या संध्याकाळी विजा कडाडत होत्या. उपग्रहाची ही लहर मुसळधार पावसात विरते, डबे वाटेतच गळतात. नेमकं फवारणीचं प्रमाण सांगताना चित्राचे चौकोन झाले आणि आवाज गेला. चाळीस सेकंद. त्याने माझ्याकडे पाहिलं. आकडा मला अंदाजाने माहीत होता, पण सांगितला नाही. कृषी सहायकांना फोन लावून दिला, त्यांनी सांगितलं ते त्याने माझ्याच पेनाने हातावर लिहून घेतलं.

तेव्हापासून प्रत्येक भाग एकदा पाहून फाइलच्या नावापुढे लिहितो. त्या भागापुढे आहे: ‘मध्ये ४० सेकंद नाहीत, पाऊस.’