मांजर घरात मुतते? आधी कारण शोधा



कणगीतले भात उंदरांपासून राखायचे, तर घरात मांजर हवेच. पण तेच मांजर पेंढ्यावर, चुलीच्या राखेत नाहीतर पसरलेल्या भातावर मुतू लागले, की आपण काठी घेऊन धावतो. मागल्या पावसाळ्यात तलासरीकडच्या एका पाड्यावर आजी म्हणाल्या, "साहेब, ह्या मांजराला आता लांब सोडून येते." बाहेर पाहिले तर अंगणात घोटाभर पाणी. मग मांजराने जावे कुठे?

मांजर मुद्दाम घाण करीत नाही. उकरता येईल अशी मऊ, कोरडी जागा ते शोधते आणि मुतून वर माती ओढते. डहाणू-तलासरीत जून ते सप्टेंबर अशी जागा घरातच उरते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. जागा द्या : जुन्या घमेल्यात चार बोटे कोरडी रेती किंवा बारीक माती घाला. घमेले पडवीच्या शांत कोपऱ्यात, मांजराच्या खाण्यापासून दूर ठेवा. घाण रोज काढा. दोन मांजरे असतील तर तीन घमेली ठेवावीत.

२. वास घालवा : वास राहिला की मांजर पुन्हा तिथेच येते. भिजलेली जमीन खरवडून नव्या मातीने सारवा. गोणपाट साबणाने धुऊन उन्हात टाका. फिनेल मात्र वापरू नका, ते मांजराला विषारी आहे.

३. धान्य-चारा झाका : मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा रोगजंतू पसरू शकतो. तो चाऱ्यातून पोटात गेला तर गाभण शेळी गाभडते. गरोदर बाईने घमेले साफ करू नये. इतरांनी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत.

४. बोका ओळखा : शेपूट ताठ करून, उभ्यानेच खांबावर किंवा भिंतीवर फवारा मारतो, तो हद्द दाखवणारा बोका. त्याला घमेल्याचा उपयोग थोडा. डॉक्टरांकडून खच्ची करून घेतल्यावर बहुतेक बोक्यांची ही खोड जाते.

५. आजार ओळखा : मांजर सारखे मुतायला बसते, थेंब-थेंब होते, रक्त दिसते किंवा ते ओरडते, तर तो आजार आहे. बोक्याला लघवी अजिबातच होत नसेल तर मूत्रमार्ग तुंबला असे समजा. असा बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. घरगुती औषधात वेळ न घालवता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

मांजराला मारू नका, मुतात त्याचे नाक घासू नका. भ्यालेले मांजर लपून मुतते, एवढाच फरक पडतो.

त्या आजींनी पडवीत घमेले ठेवले. आठवड्याभरात मांजर आपणहून तिथे जाऊ लागले, आणि कणगीची राखणही चालू राहिली. तेव्हा काठी उचलण्याआधी एक घमेले भरून पाहा.