हिरवी तुतवार की ठिपकेवाली?

कळमनुरी तालुक्यात पैनगंगेवर इसापूर धरण आहे. हिवाळ्यात अशा जलाशयांच्या चिखलट काठांवर तुतवार पक्षी उतरतात, आणि त्यातल्या दोन जाती नवख्यांना हमखास चकवतात. दोन्ही साधारण साळुंकीएवढ्या, पाठीने तपकिरी, पोटाने पांढऱ्या.

पुस्तकं पायांच्या रंगाकडे बोट दाखवतात: हिरवीचे हिरवट, ठिपकेवालीचे पिवळसर. पण पाय चिखलाने माखलेले असले की ही खूण कुचकामी. त्यापेक्षा भुवई पाहा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्यापाशीच संपते. ठिपकेवालीच्या पाठीवरचे ठिपकेही ठळक. ती अनेकदा थव्यात असते. हिरवी बहुधा एकटी, एखाद्या नालीच्या कडेलाही.

खरा निकाल उडताना लागतो. दोघींची कंबर पांढरी, मात्र हिरवीच्या पंखांची खालची बाजू काळपट, ठिपकेवालीची फिकट. शिवाय ठिपकेवालीचे पाय शेपटीच्या बरेच मागे डोकावतात.

गंमत म्हणजे उत्तरेच्या जंगलात हिरवी तुतवार बहुधा कस्तुरांच्या जुन्या घरट्यांत, झाडावर अंडी घालते. चिखलातला पक्षी, पण जन्म फांदीवरचा!

दुर्बीण असेल तर उत्तमच, पण फोटो काढायचाच तर पंख उघडलेला काढा. बसलेल्या पक्ष्याच्या धूसर फोटोवरून नाव ठरवू नका.