चिखलातून चालत आलेला नायक
इटलीचे दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुची यांची चित्रपट-कारकीर्द

सिनेमातला नायक कसा येतो? उमद्या घोड्यावर बसून येतो. त्याच्या कपड्यांना धूळ लागत नाही, आणि तो आला की गावाचे भाग्य उजळते. अमेरिकेच्या ‘काउबॉय’ चित्रपटांनी हे चित्र जगभर नेले. १९६६ साली इटलीतल्या एका दिग्दर्शकाने मात्र आपल्या नायकाला घोडाच दिला नाही. हा नायक पायी येतो. चिखल तुडवत येतो. खांद्यावर खोगीर, आणि मागे दोराने ओढत आणलेली एक शवपेटी! त्या चित्रपटाचे नाव ‘जँगो’ आणि दिग्दर्शकाचे नाव सर्जिओ कोर्बुची.

वाचकहो, मारधाडीचे चित्रपट काढणाऱ्या या माणसाविषयी आम्ही का लिहितो आहोत, असा प्रश्न आपल्याला पडेल. मोठ्या समीक्षकांनी ज्या चित्रपटांकडे पाहून नाक मुरडले, त्यांत समाजाच्या तळाशी असलेल्या माणसाला काय दिसले, हे पाहण्याजोगे आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

कोर्बुची रोमचे. तरुणपणी त्यांनी चित्रपट-समीक्षा लिहिली आणि १९५१ मध्ये पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९९० पर्यंत त्यांनी साठच्या आसपास चित्रपट केले. बाजारात जे चालेल ते करायचे, हा त्यांचा खाक्या होता. इटलीचा लाडका विनोदी नट टोटो याला घेऊन त्यांनी हसवणारे चित्रपट काढले. प्राचीन रोमच्या गोष्टींवर पिळदार पहिलवानांचे चित्रपट खपू लागले, तेव्हा तेही काढले. ‘रोम्युलस आणि रेमस’ (१९६१) त्यातलाच. त्याच्या पटकथेत पुढे जगप्रसिद्ध झालेल्या सर्जिओ लिओने यांचाही हात होता. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, कोर्बुचींनी ‘स्पार्टाकसचा मुलगा’ केला. रोमच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या गुलामांच्या नेत्याचे नाव त्यांच्या चित्रपटात असे पहिल्यांदा आले.

१९६४ मध्ये लिओने यांच्या चित्रपटाने काउबॉयपटांची लाट आणली. इटालियन लोक, इटलीत आणि स्पेनच्या माळरानावर, अमेरिकेची गोष्ट सांगू लागले. इटलीच्या शेवयांवरून त्यांना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ असे हेटाळणीचे नाव पडले. ‘शोले’ पाहिलेल्या वाचकांना या धाटणीची कल्पना येईल. त्यातल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर लिओने यांचीच छाया आहे.

लिओने यांचा नायक बेफिकीर, डावपेच जाणणारा. कोर्बुचींची नजर दुसरीकडे होती. सर्जिओ आणि त्यांचे धाकटे बंधू ब्रुनो या दोघांचा ‘जँगो’च्या लेखनात वाटा होता. नायकाची भूमिका फ्रांको नेरो या पंचविशीतल्या नटाने केली. गाव ओसाड, रस्ता म्हणजे नुसता राडा. तिथे मेजर जॅक्सन नावाच्या माणसाचे राज्य आहे. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या फौजेतला हा अधिकारी. त्याची माणसे तोंडावर लाल बुरखे घालतात आणि तो गरीब मेक्सिकन शेतकऱ्यांना पळायला लावून करमणूक म्हणून गोळ्या घालतो. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर कृष्णवर्णीयांना दहशतीखाली ठेवण्यासाठी ‘कु क्लक्स क्लॅन’ ही बुरखाधारी संघटना उभी राहिली. लाल बुरखे पाहताच तिची आठवण होते.

जँगोच्या शवपेटीत मढे नसते, मशीनगन असते. पण कोर्बुची त्याला सुखासुखी जिंकू देत नाहीत. शेवटी त्याच्या हातांचा चेंदामेंदा झालेला असतो. बोटे हलत नाहीत. स्मशानातल्या एका क्रूसावर पिस्तूल टेकवून, तुटक्या हातांनीच तो जॅक्सनला सामोरा जातो. चित्रपटातली हिंसा पाहून ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याला परवानगी नाकारली. ती १९९३ मध्ये मिळाली. इतर देशांत मात्र तो असा चालला, की दुसऱ्या निर्मात्यांनी ‘जँगो’ हे नाव लावून डझनावारी चित्रपट काढले!

त्याच वर्षी त्यांनी ‘नवाहो जो’ केला. नायक अमेरिकेचा मूळनिवासी. त्याची वस्ती कातडीच्या इनामासाठी कापून काढलेली. मदतीला आलेल्या जोला गोरे गावकरी उपरा समजतात, तेव्हा तो अधिकाऱ्याला विचारतो, तुझा बाप कुठे जन्मला? उत्तर येते, स्कॉटलंडमध्ये. जोचा बाप, आजा, पणजा सगळे याच मातीतले. मग खरा अमेरिकन कोण? साध्या मारधाडीच्या चित्रपटातला हा सवाल आजही अंगावर येतो.

कोर्बुचींचे सर्वांत धाडसी काम म्हणजे १९६८ चा ‘द ग्रेट सायलेन्स’. इथे चिखल नाही, बर्फ आहे. भुकेपायी डोंगरात पळालेल्या लोकांना गुन्हेगार ठरवून त्यांच्या डोक्यावर इनाम लावले आहे. इनामासाठी त्यांना टिपणारे मारेकरी निवांत आहेत, कारण त्यांचे सगळे कायद्यात बसते. मारायचे, प्रेत दाखवायचे, पैसे मोजून घ्यायचे. पॉलीन या कृष्णवर्णीय स्त्रीचा नवरा असाच मारला जातो. ती एका मुक्या बंदूकबाजाकडे दाद मागते. साक्ष देऊ नये म्हणून लहानपणीच त्याचा गळा चिरलेला. ज्याचा आवाज कापून टाकला तो, आणि जिचे कोणी ऐकत नाही ती, असे दोन जीव एकत्र येतात. गोऱ्या पुरुषाचे आणि कृष्णवर्णीय स्त्रीचे प्रेम या चित्रपटाने संकोच न करता दाखवले. अमेरिकेत असे विवाह रोखणारे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी, रद्द केले होते, हे ध्यानात घ्यावे.

आणि शेवट? नायक मरतो. पॉलीन मरते. अन्नाच्या आशेने खाली उतरलेले भुकेले लोक बांधलेल्या अवस्थेत गोळ्यांना बळी पडतात. मारेकरी निघून जातात. १९६५ मध्ये माल्कम एक्स आणि १९६७ मध्ये चे गव्हेरा यांच्या हत्या झाल्या. त्यांचा विचार दिग्दर्शकाच्या मनात होता, असे सांगितले जाते. चित्रपटासाठी एक गोड शेवटही चित्रित करून ठेवला होता. तो आजही पाहायला मिळतो, पण लक्षात राहतो तो कडूच.

यानंतर कोर्बुची मेक्सिकोच्या क्रांतीकडे वळले. ‘द मर्सिनरी’ (१९६८) आणि ‘कंपॅनेरोस’ (१९७०) या चित्रपटांत पैशासाठी आलेला परदेशी आणि अडाणी मेक्सिकन गडी यांची जोडी आहे. ‘कंपॅनेरोस’मध्ये एक अहिंसावादी प्राध्यापक आणि त्याचे विद्यार्थी येतात. त्यांच्या सहवासात तो गडी बदलतो. पुढची वर्षे मुख्यतः विनोदी चित्रपटांत गेली. १ डिसेंबर १९९० रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

आता सांगायची गोष्ट समुद्रापलीकडची. जमैका हे एकेकाळी गुलामांच्या मळ्यांचे बेट. तिथे ली पेरी यांच्या ‘अपसेटर्स’ या वाद्यवृंदाने १९६९ मध्ये ‘रिटर्न ऑफ जँगो’ ही धून काढली. १९७२ च्या ‘द हार्डर दे कम’ या जमैकन चित्रपटात जिमी क्लिफ यांनी खेड्यातून किंग्स्टनला आलेला बेकार तरुण रंगवला. तो चित्रपटगृहात ‘जँगो’ पाहतो. लाल बुरखेवाले कोसळू लागतात तसा गरिबांनी भरलेला पिट जल्लोष करतो. त्या लोकांना बुरख्यामागचा चेहरा कोणी समजावून सांगावा लागला नव्हता! पुढे २०१२ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो यांनी ‘जँगो अनचेन्ड’ काढला. त्यात जँगो हा स्वतःच बेड्या तोडणारा कृष्णवर्णीय गुलाम आहे. फ्रांको नेरोही त्यात क्षणभर दिसतात.

कोर्बुचींचे दोषही सांगितलेच पाहिजेत. हिंसा बेसुमार आहे. हे चित्रपट लहान मुलांना दाखवू नयेत. स्त्रिया बहुधा मार खायला किंवा वाट पाहायला उभ्या केल्या आहेत. नवाहो जोची भूमिकाही बर्ट रेनॉल्ड्स या गोऱ्या नटाच्याच वाट्याला गेली.

तरीही या चित्रपटांतून एक धडा मिळतो, असे आम्हाला वाटते. जँगो एकटा होता, जिंकला, पण हात गमावून. मुका नायक एकटा होता. तो पडला आणि त्याच्यावर विसंबलेली सारी माणसे बर्फात संपली. त्यांनी तारणहाराची वाट पाहिली, आपली एकजूट केली नाही. ‘कंपॅनेरोस’मधला अडाणी गडी मात्र शिकलेल्या पोरांबरोबर उभा राहायला शिकतो. किंग्स्टनचा तो तरुणही शेवटी स्वतःला पडद्यावरचा नायक समजून सैनिकांच्या बंदुकांपुढे एकटाच उभा राहतो आणि प्राणाला मुकतो.

पडद्यावरचा नायक पाहून टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण घरी परतताना मुलाबाळांना एवढे विचारावे: त्या गावातले लोक स्वतः एकत्र आले असते, तर जँगोला ती शवपेटी ओढत आणावी लागली असती का?