खरे-खोटे सरकारने ठरवावे का?
केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, आपल्या कारभाराविषयीचा कोणता ऑनलाइन मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्यासाठी स्वतःचाच तथ्य पडताळणी कक्ष नेमण्याची तरतूद केली. असा शिक्का बसलेला मजकूर तसाच ठेवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण, म्हणजे वापरकर्त्यांच्या लिखाणाबद्दलच्या दायित्वातून मिळणारी सूट, गमवावी लागण्याचा धोका होता. साहजिकच खटल्याचे झेंगट नको म्हणून कंपन्या मजकूरच हटवतील, अशी भीती व्यक्त झाली. विनोदकार कुणाल कामरा आदींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, कारण तिच्यातील शब्द संदिग्ध होते आणि छापील वृत्तपत्राला नसलेला निर्बंध केवळ डिजिटल मजकुरावर लादला जात होता.