कॅन्सरचे प्रश्न मोबाइलला विचारावेत का?

केमो चालू असताना रोजा ठेवता येईल का, केस परत येतील का, ऑपरेशनची जागा एवढी का दुखते? बाजूला मुलगा किंवा दीर उभा असेल, तर आपल्या अम्मी-बाजी हे डॉक्टरांना विचारतच नाहीत. मग मशीनला विचारतील?

फ्रान्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी ‘विक’ नावाचा चॅटबॉट तयार झाला. मेसेज लिहिला की तो उत्तर द्यायचा, गोळ्यांची आठवणही करायचा. 2019 मध्ये त्याची एक चाचणी प्रसिद्ध झाली. 142 रुग्णांना नेहमीच्या 12 प्रश्नांची लेखी उत्तरं दिली. काहींना विकची, काहींना डॉक्टरांची. कोणाची, ते सांगितलं नाही. विकची उत्तरं 69 टक्के समाधानकारक ठरली, डॉक्टरांची 64 टक्के. मशीन हुशार ठरलं असं नाही. माहिती देण्यात ते कमी पडलं नाही, एवढंच.

उपचार ठरवणं मात्र वेगळं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चॅटजीपीटीला कॅन्सरचे उपचार विचारले. सुमारे एक तृतीयांश उत्तरांत चुकीचा सल्लाही निघाला, आणि तोही बरोबर सल्ल्याच्या शेजारीच! घरच्या माणसाला तो कसा ओळखू येणार?

म्हणून आम्ही म्हणतो, लाज वाटते ते खुशाल मोबाइलला विचारा, पण उत्तर कागदावर उतरवून ओपीडीत दाखवा. रोजाचंही आधी डॉक्टरांना विचारा, मग मौलानांना. आजाऱ्याला सवलत आहेच. आणि केमोच्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर टाइप करत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटलला फोन लावा.